सेटअप मोड

कुडचड्याच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांमागे
माझं दुकान: एक टेबल, एक भिंग, एक कुरकुरता पंखा.
दुपारी दीडला कुंदा फळदेसाई काउंटरवर टॅबलेट ठेवते
आणि त्याच्यावर आपली छत्री, तारण ठेवल्यासारखी.
"सोसायटीचं नवं ॲप उघडत नाही रे.
म्हणतं, हे यंत्र भरवशाचं नाही."

अकरा वर्षं ती पिग्मी गोळा करते आहे.
पदेराकडून वीस, फुलं विकणाऱ्या शेवंताकडून दहा,
पुलापलीकडे सावर्ड्यातल्या गॅरेजवाल्याकडून
तो हसला त्या दिवशी शंभर.
एका पैशाची कुणी शंका घेतली नाही.
आता यंत्रावर घेतली,
तर ती पदराने काच पुसते आहे, पुन्हा पुन्हा.

मी आवाजाचं बटण दाबून धरतो, मग पॉवरचं.
निळा पडदा उघडतो.
या खोलीत बोटांना मान नाही, स्पर्श चालत नाही.
वायरचा कीबोर्ड जोडतो.
सिक्युरिटी. त्याखाली सिक्युअर बूट: बंद.
ओळ राखाडी. बाण तिला ओलांडून पुढे जातो,
उधारी थकलेल्या दुकानावरून आपण जातो तसा.

घड्याळ बघितलं. एक जानेवारी, दोन हजार सोळा.
आतला सेल कधीचाच गेलेला.
त्याला आजची तारीख सांगितली, त्याने मुकाट ऐकली.
ओळ राखाडी.
सगळं मूळपदावर आणलं, बंद केलं, दहापर्यंत मोजलं.
राखाडी.
बाहेर बांगड्यांचा भाव उतरला, मांजरं पांगली,
आणि मग मला आठवलं:
आधी सुपरवायझरचा पासवर्ड लागतो.
दार बंद करायलासुद्धा
आधी घर आपलं आहे असं सांगावं लागतं.

तात्पुरता एक घातला. ओळ पांढरी झाली.
"जालें?" कुंदाने विचारलं.
मी एंटर दाबलं.
यंत्र म्हणालं: सेटअप मोड. चाव्या सापडत नाहीत.

आमच्या गावच्या देवळात एक पेटी आहे, तीन कुलुपांची.
तीन चाव्या तीन घरांत.
एक घर बेळगावला गेलं त्या वर्षी
देवाचे दागिने जत्रेतही पेटीतच राहिले,
आणि कुणी पेटी फोडली नाही.
इथेही तशाच चाव्या: एक मालकी सांगणारी,
एक नव्यांना आत घ्यायची परवानगी देणारी,
एक ओळखीच्यांची यादी सांभाळणारी.
तिन्ही पुसलेल्या.
आपोआप जात नाहीत त्या. कुणीतरी बसून पुसाव्या लागतात.

म्हणून मी कव्हर काढलं.
पाठीवर पिवळट स्टिकर, बॉलपेनची निळी शाई:
द. वे., आणि चार वर्षांपूर्वीची तारीख.

द. वे. म्हणजे दत्तगुरू वेळीप.
म्हणजे मी.
तेव्हा तिला स्वस्तातली विंडोज हवी होती,
मला संध्याकाळी सहाची बस.
चोरीची प्रत बसेना म्हणून चाव्या काढल्या,
आणि "आता मस्त चालेल" असं म्हणालो होतो.
चाललंही. चार वर्षं दार उघडं टाकून
ती अख्ख्या बाजाराचे पैसे त्यातून फिरवत होती.

कंपनीच्या मूळ चाव्या परत आण, असा एक पर्याय असतो,
तळाशी, कुणी वाचत नाही अशा जागी.
हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं.
सिक्युअर बूट: चालू.
मग खरी विंडोज घातली. त्याला साडेपाच वाजले.
ॲप उघडलं, तिचं नाव घेऊन नमस्कार म्हणालं.

"पैसे नकोत," मी म्हणालो. "ती चूक..."
"स्टिकर माका दिसता रे," ती म्हणाली,
"चार वर्सां दिसता."

तिने दोनशे रुपये मोजले,
माझ्यासमोर ठेवले, आणि लगेच उचलले.
"तुझी पिग्मी मार्चपासून बंद आहे."
कमरेच्या छोट्या यंत्रातून पावती निघाली, कोमट.

मग माझा तात्पुरता पासवर्ड काढून
ती स्वतःचा घालायला बसली.
मी तोंड फिरवलं, मासळीच्या ओट्यांकडे,
जिथे एक पोर पाइपने फरशी धूत होता.
मागे टकटक ऐकू येत होती.
मोजायची नाही असं ठरवूनही
मी नऊपर्यंत मोजली.